चाळिसावे गाणेही वाजले पाहिजे

अमेरिकेतील अनेक रेडिओ केंद्रांवर शनिवार-रविवारी सकाळी आजही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा एक कार्यक्रम लावला जातो. त्याचे निवेदक केसी केसम २०१४ साली निवर्तले, तरी त्यांचा 'अमेरिकन टॉप ४०' थांबलेला नाही. डिसेंबरचा दुसरा आठवडा असेल तर सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकातील एखाद्या वर्षाच्या त्याच आठवड्याचा भाग काढायचा आणि चाळिसाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत तेव्हाची लोकप्रिय गाणी त्याच आवाजात, त्याच क्रमाने ऐकवायची, असा हा प्रघात आहे. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ २ वरील 'पिक ऑफ द पॉप्स' हा कार्यक्रम दर वेळी दोन जुनी वर्षे निवडतो आणि त्या वर्षांतील त्याच आठवड्याच्या याद्या श्रोत्यांपुढे ठेवतो. याच्याच जोडीला दुसरी एक रीत रूढ झाली आहे. नोव्हेंबरचा मध्य आला की, आणि कित्येकदा त्याच्याही आधी, अमेरिकेतील शेकडो केंद्रे नेहमीची गाणी बाजूला सारून अहोरात्र फक्त नाताळची गाणी लावू लागतात.

जुनी गाणी ऐकवण्याच्या या दोन्ही रीती आठवणींवर जगतात, म्हणून त्यांना सहसा एकाच मापाने मोजले जाते. माझ्या मते त्यांच्यात मुळातच फरक आहे. पहिली रीत एखाद्या आठवड्यात लोकांनी जे ऐकले ते सगळे पुढे ठेवते; दुसरी त्यातले आवडते तेवढे वेचून घेते. चिंतेची बाब ही की, आता जुन्या काउंटडाउनलाही वेचून घेण्याचे वळण लागत चालले आहे. त्यांचे तास कापले जातात, नकोशी नावे वगळली जातात, आणि नव्या याद्यांमधून जुनी नाताळची गाणी हद्दपार करावीत अशी मागणी दर डिसेंबरला होते. जो कार्यक्रम यादीवर उभा आहे त्याने यादीतील एकही जागा गाळू नये, हे मला येथे मांडायचे आहे.

'अमेरिकन टॉप ४०' १९७० च्या जुलैमधील पहिल्या शनिवार-रविवारी सुरू झाला, तेव्हा तो घेणारी केंद्रे अवघी सात होती. काळ अनुकूल नव्हता. रॉक संगीत एफएम केंद्रांकडे निघून चालले होते, श्रोते वयानुसार आणि आवडीनुसार विभागले जात होते, आणि सर्वांनी मिळून ऐकावी अशी एकच यादी ही कल्पनाच जुनाट मानली जाऊ लागली होती. लेबनॉनहून आलेल्या द्रूझ पंथाच्या कुटुंबात डेट्रॉइटला जन्मलेल्या केसम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी तीच कल्पना उचलली. आधार होता 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या 'हॉट १००' या यादीचा, जी ऑगस्ट १९५८ पासून निघत होती. कार्यक्रम हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित होई, त्याच्या लाँग प्ले तबकड्या काढल्या जात आणि त्या टपालाने केंद्रोकेंद्री पाठवल्या जात. सोबत एक कागद असे. कोणत्या बाजूवर कोणते गाणे, किती मिनिटांनी निवेदन थांबते, कोठे स्थानिक जाहिरात घालायची, हे सारे त्यावर मिनिटा-सेकंदांनिशी लिहिलेले असे. गाणी लांब होऊ लागली तसे तीन तास पुरेनात, म्हणून १९७८ च्या ऑक्टोबरपासून कार्यक्रम चार तासांचा झाला. मात्र चाळीस गाण्यांची पस्तीस केली गेली नाहीत. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. वेळ कमी पडली तेव्हा त्यांनी वेळ वाढवून घेतली आणि यादीला हात लावला नाही. तबकड्या एकदा वाजवून टाकून द्यायच्याच होत्या. केंद्रांतील काही कर्मचाऱ्यांनी त्या ठेवून घेतल्या, संग्राहकांनी जमवल्या, आणि मूळ फितींच्या जोडीला अशा वाचलेल्या तबकड्यांमुळेच आजचे पुनःप्रसारण शक्य झाले आहे.

या कार्यक्रमाचे सामर्थ्य यादीच्या शिस्तीत होते. निवेदकाला गाणे आवडो न आवडो, केंद्राच्या मालकाला ते रुचो न रुचो, यादीत ज्या जागी आहे त्या जागी ते येणारच. ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांचे 'ओहायो' बाहेर पडले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे नाव घेऊन जाब विचारणारे हे गाणे काही एएम केंद्रांनी लावण्यास नकार दिला. तरीही ते त्या उन्हाळ्यात पहिल्या विसांत पोहोचले, आणि त्याच आठवड्यांत यादीच्या शिखरावर कार्पेंटर्स या बहीणभावांचे अत्यंत हळुवार प्रेमगीत होते. आज 'सत्तरच्या दशकातील सोनेरी गाणी' म्हणून जे ऐकवले जाते त्यात ही दोन गाणी शेजारी येण्याची शक्यता कमी. त्या उन्हाळ्यात मात्र ती एकाच देशात, एकाच वेळी, कदाचित एकाच घरात ऐकली जात होती, आणि ते फक्त यादीच सांगू शकते. पुढे १९८७ मध्ये जॉर्ज मायकल यांच्या एका गाण्याचे शीर्षक उच्चारणे केसम यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी 'जॉर्ज मायकल यांचे नवे गाणे' एवढेच म्हटले, शीर्षक टाळले, पण क्रमांक टाळला नाही. श्रोत्यांचा विश्वास अशा वागण्यातून बसतो. आपल्याला अडचणीची असलेली गोष्टही हा माणूस लपवत नाही, हे त्यांना कळत असते.

याच्या उलट बाजूला आजचे जुन्या गाण्यांचे रेडिओ केंद्र आहे. तेथे कोणते गाणे लावायचे हे चाचणीने ठरते. निवडलेल्या श्रोत्यांना गाण्याचा सर्वांत ओळखीचा, काही सेकंदांचा तुकडा ऐकवला जातो आणि आवडले की नाही, कंटाळा आला का, असे विचारले जाते. जे लगेच ओळखू येते ते टिकते. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठवली, त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी शेकडो केंद्रे विकत घेतली आणि ही चाचणी एका गावापुरती न राहता देशभरची झाली. परिणामी सत्तरचे किंवा ऐंशीचे दशक म्हणजे काहीशे गाणी, अशी समजूत एका पिढीच्या मनात पक्की झाली आहे. त्या दशकात चाळिसाच्या आत आलेली गाणी त्याच्या कितीतरी पट होती. छत्तिसाव्या क्रमांकापर्यंत चढून दोन आठवड्यांत नाहीसे झालेले गाणे कोणत्याही चाचणीत उत्तीर्ण होणार नाही, कारण त्याची ओळख पटवून देणारे कोणी उरलेले नाही. एखाद्या छोट्या शहरातील मुलांनी ते त्या दोन आठवड्यांत वेड्यासारखे ऐकले असेल, तरी चाचणीत त्याची नोंद कोठेच होत नाही.

नाताळची गाणी ही या निवडीची सर्वांत टोकाची अवस्था. न्यूयॉर्कचे आणि शिकागोचे 'लाइट एफएम' म्हणून ओळखले जाणारे केंद्र घ्या, किंवा लहान गावातले एखादे घ्या. डिसेंबरभर जी गाणी फिरत राहतात ती बहुतांशी १९४० ते १९६५ या पंचवीस वर्षांतील आहेत, आणि त्यात नंतरची मोजकीच भर पडली आहे. बिंग क्रॉस्बी यांचे 'व्हाइट ख्रिसमस' १९४२ चे. युद्धात घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी ते पुन्हापुन्हा मागून घेतले आणि त्याच्या इतक्या प्रती काढल्या गेल्या की मूळ साचा झिजून गेला, म्हणून १९४७ मध्ये ते पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. आज आपण जे ऐकतो ते सहसा हे दुसरे ध्वनिमुद्रण असते. मला या गाण्यांविषयी आकस नाही. त्यांतील कित्येक अतिशय सुंदर आहेत, आणि सणाला तेच ते ऐकावेसे वाटणे हा माणसाचा स्वभावच आहे. परंतु ही निवड दर वर्षी आधीच्या वर्षीच्या निवडीवरून होते, म्हणून ती गोठत जाते. साठ वर्षांत लिहिल्या गेलेल्या हजारो नाताळगीतांपैकी किती लोकांनी काय ऐकले होते, हे या केंद्रांवरून कधीच कळणार नाही.

ते यादीवरून कळायला हवे होते, आणि नेमके तेथेच यादी कच्ची राहिली. 'बिलबोर्ड'ने १९६३ ते १९७२ या काळात नाताळच्या गाण्यांसाठी स्वतंत्र यादी केली आणि त्यांना 'हॉट १००' मधून बाहेर ठेवले; १९८३ ते १९८५ या वर्षांतही स्वतंत्र यादी होती. हेतू समजण्यासारखा होता. काही आठवड्यांपुरती येणारी हंगामी गाणी बाकीच्यांच्या वाटचालीत अडथळा आणतात, असे वाटले असावे. परिणाम मात्र असा झाला की, १९७० किंवा १९७१ च्या नाताळच्या आठवड्याचा 'अमेरिकन टॉप ४०' आज ऐकला तर ज्या गाण्यांनी त्या वेळच्या दुकानांपासून घरांपर्यंत सारे भरून गेले होते ती मुख्य क्रमवारीत जवळजवळ नाहीतच. होसे फेलिसियानो यांचे 'फेलिझ नाविदाद' १९७० चे. ते 'हॉट १००' मध्ये शिरले तेव्हा नव्वदचे दशक संपत आले होते. जॉन लेनन आणि योको ओनो यांचे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील नाताळगीत अमेरिकेत १९७१ च्या डिसेंबरमध्ये निघाले. त्या डिसेंबरची मुख्य यादी वाचणाऱ्याला ते निघाले होते याचा पत्ताही लागणार नाही. नियमाने केलेल्या छाटणीचे आणखी एक उदाहरण मराया कॅरी यांचे. त्यांचे १९९४ चे प्रसिद्ध नाताळगीत अमेरिकेत सुटी तबकडी म्हणून विकायला ठेवले गेले नव्हते, आणि तेव्हाच्या नियमानुसार जे सुटे विकले जात नाही ते 'हॉट १००' मध्ये येऊ शकत नव्हते. तो नियम १९९८ च्या अखेरीस बदलला, गाणे २००० च्या जानेवारीत खालच्या एका जागेवर प्रथम दिसले, आणि पहिल्या क्रमांकावर पोहोचायला २०१९ चा डिसेंबर उजाडला.

मधल्या काळात मोजण्याची रीतच पालटली होती. तबकडी विकली जात असे तेव्हा माणूस ती एकदाच विकत घेई आणि पुढची तीस वर्षे दर नाताळला वाजवी. यादीत तिची नोंद त्या एका खरेदीपुरतीच होई. आता इंटरनेटवर गाणे जितक्या वेळा ऐकले जाते तितक्या वेळा ते मोजले जाते. ब्रेंडा ली यांनी १९५८ मध्ये, तेरा वर्षांच्या असताना गायलेले नाताळगीत त्या काळात फार तर चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते पहिले आले, तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. ब्रिटनमध्ये जॉर्ज मायकल यांच्या 'व्हॅम!' या जोडीचे १९८४ चे नाताळगीत त्या वर्षी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी अनेक गायकांनी मिळून केलेल्या गाण्यामागे दुसऱ्या क्रमांकावर अडकले होते. नाताळच्या आठवड्यातील पहिला क्रमांक त्याला २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मिळाला. जॉर्ज मायकल २०१६ च्या नाताळच्याच दिवशी गेले होते. आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत 'हॉट १००' च्या पहिल्या दहा जागांपैकी बहुतेक जागा अशाच जुन्या गाण्यांनी व्यापलेल्या असतात.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, यामुळे नव्या गायकांचा हक्क हिरावला जातो. नोव्हेंबरमध्ये चढत असलेले गाणे डिसेंबरमध्ये तीस जागा खाली ढकलले जाते आणि जानेवारीत परत वर येईपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून १९६३ प्रमाणे नाताळची गाणी पुन्हा वेगळी काढावीत, असे हे लोक म्हणतात. नव्या गायकांचे नुकसान खरे आहे, ते मी नाकारत नाही. परंतु यादीचे काम गायकांना न्याय देणे हे नाही, त्या आठवड्यात काय ऐकले गेले ते सांगणे हे आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी श्रोत्यांनी पासष्ट वर्षांपूर्वीचे गाणे सर्वांत जास्त ऐकले, ही त्या समाजाविषयीची एक महत्त्वाची बातमी आहे. ती अप्रिय असेल तर तिच्यावर चर्चा व्हावी, ती यादीतून पुसली जाऊ नये. नाताळची स्वतंत्र यादी हवी असेल तर ती मुख्य यादीला न छाटता जरूर करावी. 'बिलबोर्ड' २०११ पासून 'हॉलिडे १००' या नावाने तशी यादी काढतच आहे, आणि ही व्यवस्था मला सर्वस्वी योग्य वाटते.

यादी स्वतः कधी पूर्णपणे निर्मळ होती, असा माझा दावा नाही. १९९१ पर्यंत अमेरिकेतील याद्या दुकानदारांनी आणि केंद्रांनी कळवलेल्या माहितीवर बनत, आणि कळवणाऱ्यांवर कंपन्यांचे दडपण असे. त्या वर्षी विक्री पट्टीसंकेतावरून (बारकोडवरून) यंत्राने मोजली जाऊ लागताच कंट्री आणि रॅप संगीताचे अल्बम यादीत एकदम वर आले. तोवर त्यांची मोजणी कमी होत होती हे उघड झाले. असे असूनही जुनी यादी जशी होती तशीच राहिली पाहिजे. तिच्यातील पूर्वग्रह हाही त्या काळाचाच पुरावा आहे, आणि आज आपण आपल्या पसंतीने ती दुरुस्त करू लागलो तर तो पुरावाही जाईल आणि त्या जागी आपलेच पूर्वग्रह येऊन बसतील.

सर्वांत अवघड प्रश्न गुन्हेगार ठरलेल्या कलावंतांचा आहे, आणि तेथे घाईने बोलणे योग्य होणार नाही. गॅरी ग्लिटर हा सत्तरच्या दशकातील ब्रिटनचा अतिशय लोकप्रिय गायक. त्याचे एक नाताळगीत १९८४ मध्ये पहिल्या दहांत होते. मुलांच्या लैंगिक शोषणाशी निगडित गुन्ह्यांसाठी त्याला १९९९ मध्ये, नंतर व्हिएतनाममध्ये २००६ साली, आणि पुन्हा ब्रिटनमध्ये २०१५ साली शिक्षा झाली. त्याची गाणी रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली, आणि त्याचे कारण मला पटते: गाणे वाजले की त्याला पैसे मिळू शकतात, आणि पीडितांच्या कानांवर तो आवाज पडू शकतो. पण गाणे न वाजवणे आणि गाणे नव्हतेच असे वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७३ ची एखादी यादी ऐकवताना त्याच्या क्रमांकावर थांबून 'या जागी ग्लिटरचे अमुक गाणे होते. त्याच्यावर सिद्ध झालेल्या गुन्ह्यांमुळे आम्ही ते वाजवत नाही' एवढे एक वाक्य निवेदकाने म्हणावे. त्याने पीडितांचा अवमान होत नाही. उलट, कोट्यवधी लोकांच्या लाडक्या माणसाने काय केले होते हे नव्या श्रोत्याला कळते, आणि माझ्या मते ते कळणे पीडितांच्याच बाजूचे आहे.

या बाबतीतील व्यवहार किती विसंगत आहे तेही पाहिले पाहिजे. फिल स्पेक्टर या निर्मात्याने १९६३ मध्ये काढलेला नाताळगीतांचा अल्बम आजही दर डिसेंबरला वाजतो. तो ज्या दिवशी बाजारात आला त्याच दिवशी, २२ नोव्हेंबरला, केनेडी यांची हत्या झाली होती. स्पेक्टर २००९ मध्ये एका अभिनेत्रीच्या खुनाबद्दल दोषी ठरला आणि शिक्षा भोगत असतानाच २०२१ मध्ये मेला. त्या अल्बमवर डार्लीन लव्ह आणि 'रॉनेट्स' या तरुणींचा आवाज आहे, आणि निर्मात्याच्या अपराधासाठी त्यांचा आवाज बंद करणे अन्यायाचे होईल, म्हणून तो वाजतो हे योग्यच आहे. मग हाच विचार इतरत्र का होत नाही? बीबीसीने २०११ पासून 'टॉप ऑफ द पॉप्स' या जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे भाग १९७६ पासून क्रमाने पुन्हा दाखवायला घेतले. त्या कार्यक्रमाचा एक निवेदक जिमी सॅव्हिल याचे लैंगिक अत्याचार २०१२ मध्ये उघड झाल्यावर त्याने सादर केलेले भाग गाळण्यात आले. तो माणूस तरुण मुलामुलींच्या घोळक्यात हसताना पडद्यावर दिसू नये, हे मला मान्य आहे. पण त्या आठवड्यात ज्या कलावंतांनी तेथे गाणी म्हटली त्यांचा काही दोष नव्हता. सॅव्हिलचे निवेदन काढून त्यांची गाणी दाखवता आली असती, आणि तो आठवडा का खंडित आहे हे पडद्यावर लिहिता आले असते.

लाजेपोटी होणाऱ्या छाटणीपेक्षा आळसाने होणारी छाटणी अधिक आहे. ऐंशीच्या दशकातील चार तासांचा 'अमेरिकन टॉप ४०' काही केंद्रे पहिला तास गाळून तीनच तास लावतात. पहिल्या तासात चाळिसापासून तिसाव्यापर्यंतची गाणी असतात. शेवटच्या तासातील गाणी तर बाकीचे सहा दिवस त्याच केंद्रावर चालूच असतात. म्हणजे जे अन्यत्र कोठेही ऐकायला मिळत नाही नेमके तेच कापले जाते. ब्रिटनची अडचण निराळी आहे. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत असंख्य फिती पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळे अॅलन फ्रीमन यांनी १९६१ पासून गाजवलेला 'पिक ऑफ द पॉप्स' आज मूळ आवाजात आठवड्यामागून आठवडा असा लावणे शक्यच नाही. तेथे जुनी यादी नव्या निवेदकाच्या तोंडून येते आणि एका तासात एक वर्ष बसवायचे असल्याने काही गाण्यांचा नुसता उल्लेख होतो. फिती नाहीत तेथे हेही चांगलेच. निदान क्रमांक सांगितला तरी जातो.

आपल्याकडे या सगळ्याला एक जवळचा संदर्भ आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ अभिजात संगीताचे निष्ठावंत होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय ऐकावे हे ठरवण्याचा त्यांचा हेतू प्रामाणिक होता, असे मी मानतो. श्रोत्यांनी मात्र रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि पुढे बुधवारी रात्री आठ वाजता महाराष्ट्रातील गावोगावच्या घरांत अमीन सयानी यांचा आवाज घुमू लागला. केसम आणि सयानी दोघेही १९३२ चे. दोघांनीही एकमेकांपासून हजारो मैलांवर हे ओळखले की, खालून वर चढत जाणारी यादी ही केवळ गाण्यांची माळ नाही. या आठवड्यात आपल्यासारख्या इतर माणसांनी काय पसंत केले हे श्रोत्याला तिच्यातून कळते, आणि त्या कळण्याची त्याला ओढ असते. सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. तबकड्या विकणारी दुकाने आणि श्रोता संघ यांच्याकडून येणाऱ्या माहितीवर गाण्यांची पायदाने, म्हणजे क्रमांक, ठरत. येथेही एक छाटणी होतीच: ठरावीक आठवडे गाजलेले गाणे 'सरताज' म्हणून मानाने निवृत्त होई. पण ते निवृत्त झाले हे जाहीरपणे, बिगूल वाजवून सांगितले जाई. गाळायचेच असेल तर कसे गाळावे, याचा तो नमुना आहे.

फरक पुढे पडला. अमेरिकेचा कार्यक्रम दर आठवड्याला शेकडो तबकड्यांच्या रूपाने विखुरला जात होता, म्हणून त्यातल्या काही वाचल्या. आपल्या फिती एकाच ठिकाणी जात. सयानी यांनी पुढे गीतमालेच्या आठवणी आणि गाणी यांचे संच 'सारेगामा'साठी केले, ते ऐकण्यासारखे आहेत. पण त्या आठवणी आहेत, १९५७ च्या एखाद्या बुधवारचा तो तास नाही. पन्नासच्या दशकातील संपूर्ण भाग आज ऐकायला मिळणे दुर्मीळ आहे. जे टिकले ते मुख्यतः श्रोत्यांनी टिकवले. रेडिओशेजारी वही घेऊन बसलेल्या माणसांनी पायदान, चित्रपट आणि गायक अशा रकान्यांत दर बुधवारी केलेल्या नोंदी, आणि पुढच्या काळात घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा त्यांच्या आवाजाविषयी भरभरून लिहिले गेले. या वह्यांविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

आणि जेथे यादीच झाली नाही तेथले काय गमावले, तेही लक्षात घ्यावे. गोव्यात, वांद्र्याला, वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती वस्त्यांत डिसेंबर आला की जिम रीव्ह्ज आणि 'बोनी एम' यांची नाताळगीते हमखास कानांवर पडतात. रीव्ह्ज १९६४ मध्ये विमान अपघातात गेले. आज अमेरिकी केंद्रांच्या नाताळगीतांत त्यांना किंवा 'बोनी एम'ला येथल्याइतके स्थान नाही. येथे ही गाणी कोणत्या वर्षांपासून रुजली, त्यांच्याबरोबर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी भजने आणि कोकणी नाताळगीते किती ऐकली जात, कोणते गाणे दोन वर्षे गाजून विसरले गेले, हे सांगणारी एकही साप्ताहिक नोंद मला माहीत नाही. जे आज वाजते त्यावरून तेव्हाचे अनुमान काढावे लागते, आणि असे अनुमान नेहमी जे टिकले त्याच्याच बाजूने झुकते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जुना काउंटडाउन लावणाऱ्या केंद्राने तो पहिल्या तासासह पूर्ण लावावा. जे गाणे वाजवायचे नाही त्याचा क्रमांक, नाव आणि न वाजवण्याचे कारण निवेदनात सांगावे. चालू याद्या करणाऱ्यांनी ऋतू, वय किंवा विक्रीचा प्रकार यांच्या नावाखाली मुख्य यादीतून कोणाला काढू नये; वेगळ्या याद्या हव्या तेवढ्या कराव्यात. आणि आपल्याकडे आकाशवाणीने किंवा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने गीतमालेच्या श्रोत्यांकडील वह्या आणि कॅसेट मागवून घ्याव्यात, आठवड्यावार लावाव्यात, परस्परांशी ताडून पाहाव्यात आणि जेथे दोन वह्यांत एका पायदानावर दोन वेगळी गाणी आढळतील तेथे दोन्ही नोंदवावीत. पन्नासच्या दशकात हातात वही घेऊन बसलेले श्रोते आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, तेव्हा हे काम पुढच्या चार-पाच वर्षांत झाले तरच होईल.